दहापैकी दहा

"म्हणजे तुझी पोरं चुकतच नाहीत?" मुलाणी सरांनी विचारलं.

"नाही सर."

"कधीच?"

"व्हर्ब ओळखायला तरी नाही. कुठलंही इंग्रजी वाक्य द्या. तीन सेकंदांत बरोबर शब्दाखाली रेघ येते."

सर हसले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. परवाच डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाचायचं नाही, वाकायचं नाही, धुरात आणि धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दर्ग्यामागच्या दोन खोल्यांत सर राहत. छत्तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. आता सकाळी दर्ग्याचं अंगण झाडत आणि कुणी काही विचारायला आलंच तर ओट्यावर बसून सांगत.

आज वनमाला तोडकर आली होती. त्यांची जुनी विद्यार्थिनी. वय चव्वेचाळीस. तालुक्यात 'तोडकर बाईंचा क्लास' म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नसे. आठवी ते दहावीची एकशे दहा मुलं. नुसतं इंग्रजी व्याकरण.

तिने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, सरांच्या पाया पडली आणि समोर सतरंजीवर बसली.

"काय म्हणतेस वनमाला? पेढे कशाचे?"

"जिल्ह्यात पहिला आला सर, माझा क्लास. व्याकरणाच्या परीक्षेत."

"वा! अभिनंदन."

"तुम्ही मला शिकवलंत म्हणून." ती थोडी थांबली. "पण सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही मला कधीच दहापैकी दहा दिले नाहीत. नऊच द्यायचात. पेपर सगळा बरोबर असला तरी नऊ. तेव्हापासून मी विचार करतेय... माझ्यात कमी काय होतं?"

सरांनी पेढ्यांचा पुडा चाचपून बाजूला ठेवला.

"आज मी माझी रीत दाखवायला आणलीय. बघा, आणि आता तरी सांगा. जमलं की नाही?"

"सांग तुझी रीत."

वनमालाचा चेहरा उजळला. तिने पिशवीतून चार रंगांची पेनं काढून ओळीत मांडली.

"नाऊनला निळी रेघ. अॅडजेक्टिव्हला हिरवी. अॅडव्हर्बला हिरवीच, पण नागमोडी. आणि व्हर्बला लाल. दुहेरी. दर शनिवारी मुलांनी स्वतःच्या मनाने पाच वाक्यं लिहायची आणि रेघा मारायच्या. मी वह्या घरी नेते आणि तपासते."

"एकशे दहा वह्या?"

"दोन तासांत."

"दोन तासांत!"

"सवय झालीय सर. मी रंग बघते. लाल जागेवर असलं की समजायचं, पोर पास."

"आणि वर्गात मुलं काही बोलतात की नाही?"

"छे! वर्गात बडबड चालत नाही माझ्याकडे. शंका असेल तर वहीत लिहायची. माझा नियमच आहे तो."

सर ऐकत होते. मग एकाएकी त्यांनी मान किंचित वळवली आणि इंग्रजीत म्हणाले, "द मिल्क इज बॉइलिंग ओव्हर."

वनमाला ताठ बसली. परीक्षा सुरू झाली, हे तिला कळलं.

"'द' आर्टिकल. 'मिल्क' नाऊन. 'इज बॉइलिंग' व्हर्ब, चालू वर्तमानकाळ. मुलं नुसतं 'बॉइलिंग' धरतात सर, 'इज' सोडतात. माझी सोडत नाहीत. आणि 'ओव्हर' इथे अॅडव्हर्ब."

"बरोबर," सर म्हणाले.

"मग?"

"द मिल्क इज बॉइलिंग ओव्हर."

"सांगितलं ना सर. 'इज बॉइलिंग'..."

तेवढ्यात आतून फस्स आवाज आला. करपट वास ओट्यापर्यंत आला.

"अगं बाई! दूध!" वनमाला धावत आत गेली. शेगडी बंद केली. पातेल्यात दोन बोटं दूध उरलं होतं, बाकी सगळं शेगडीवरून खाली फरशीवर चाललं होतं.

ती फडक्याने पुसत आतूनच ओरडली, "सर, मराठीत सांगायचं ना!"

"तुला इंग्रजी येतं म्हणालीस."

"चेष्टा करताय तुम्ही माझी."

"मला शेगडीपाशी वाकायची मनाई आहे बाई. सूनबाई बाजाराला गेलीय. मी दोनदा हाक मारली तुला."

वनमाला हसली नाही. हात पुसत बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. शाळेतली वनमाला आणि ही वनमाला, यांत त्या क्षणी काही फरक नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी चुकले. पण सर, ती तोंडी परीक्षा झाली. आता लेखी बघा."

तिने पिशवीतून एक वही काढली. तपकिरी कागदाचं कव्हर, कडेला नीट दुमडलेलं.

"ही माझी सगळ्यांत हुशार मुलगी. काजल मेटकरी. नववीत आहे. वरच्या मळ्यावरून येते, चौदा किलोमीटर. पाच आठवडे ओळीने दहापैकी दहा. कुणी पालक आले की मी हीच वही दाखवते. म्हणून ती माझ्यापाशीच ठेवलीय."

"मग ती लिहिते कशात?"

"अं?"

"वही तुझ्यापाशी. मग ती आता कशात लिहिते?"

"नवीन घेईल ना. आठ दिवस आलीच नाही ती. सुगीचे दिवस आहेत, घरी काम असेल."

"बरं. वाच."

"तुम्ही बघा ना. रेघा किती सुंदर आहेत..."

"मला दिसत नाही वनमाला. वाच."

वनमालाने पहिलं पान उघडलं. तिच्या आवाजात पुन्हा उत्साह आला.

"'अ मॅन', आर्टिकल, नाऊन. 'केम', व्हर्ब, भूतकाळ..."

"नुसतं वाच. नावं नको सांगूस."

"पण सर, तीच तर..."

"नावं नको. मला ऐकू दे."

ती वाचू लागली. मोठ्याने, शाळेत वाचत असे तशी, प्रत्येक शब्द सुटा करून.

"अ मॅन केम टू अवर हाऊस."

"मराठीत सांग."

"सर, एवढं सोपं वाक्य..."

"मघाशी म्हणालीस, मराठीत सांगायचं. मला सांग."

"एक माणूस आमच्या घरी आला."

"पुढे."

"ही आस्क्ड माय एज. त्याने माझं वय विचारलं. माय ग्रँडमदर सेड एटीन. आजीने अठरा सांगितलं." वनमालाने पानावर बोट ठेवलं. "आणि हे बघा सर, हे माझं आवडतं. आय अॅम फोर्टीन. मी चौदा वर्षांची आहे. यातलं 'अॅम' हे व्हर्ब आहे, हे एकशे दहा मुलांत सगळ्यांत आधी हिला कळलं. मी शेरा दिलाय, 'अॅम ओळखलंस! शाब्बास!' चांदणीसुद्धा काढलीय."

सर ताठ बसले.

"सर?"

"पान उलट."

"दुसऱ्या आठवड्याचं. दे ब्रॉट ग्रीन बँगल्स. त्यांनी हिरव्या बांगड्या आणल्या. इथे 'ग्रीन'ला हिरवी रेघ, विशेषण. द बँगल्स आर बिग फॉर माय हँड. बांगड्या माझ्या हाताला मोठ्या होतात." ती वाचतच होती. "माय फादर टुक माय स्कूल बॅग. वडिलांनी माझं दप्तर काढून घेतलं. आय हिड धिस बुक इन द फॉडर. मी ही वही कडब्यात लपवली. फॉडर हा शब्द तिने स्वतः डिक्शनरीत शोधला असणार, मी शिकवलेला नाही..."

तिचा आवाज किंचित मंदावला.

"पुढे," सर म्हणाले.

"सर, पुढेही तसंच आहे. सगळे दहापैकी दहा..."

"शेवटचं पान वाच."

तिने शेवटचं पान उघडलं. एक ओळ मनात वाचली. मग तिचं तोंड उघडं राहिलं.

"वाच, वनमाला."

"द मॅरेज..."

"हं."

"द मॅरेज इज ऑन ट्वेंटी सिक्स्थ."

खाली लाल पेनाने तिचाच शेरा होता. 'ट्वेंटी सिक्स्थच्या आधी द राहिलं. पुढच्या वेळी लक्ष ठेव.'

"मराठीत," सर म्हणाले. आवाज इतका हळू की दर्ग्याच्या झाडावरचे पोपट त्यापेक्षा मोठ्याने बोलत होते.

"लग्न... सव्वीस तारखेला आहे."

"पुढे."

"आय कॅनॉट टेल एनीवन. मी कुणाला सांगू शकत नाही. नोबडी रीड्स इंग्लिश इन माय हाऊस. माझ्या घरात कुणाला इंग्रजी..." तिला पुढे बोलता येईना.

"पुढे."

"मॅडम, प्लीज रीड धिस."

तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्लीज कम."

त्या दोन शब्दांखाली वनमालाने लिहिलं होतं, 'इथे सब्जेक्ट लपलेला आहे. फार छान उदाहरण!' आणि त्याखाली गोलात, दहापैकी दहा. आणि तिची सही.



वनमाला त्या गोलाकडे बघत होती. डोळे कोरडे होते.

"सर... हे मी वाचलंय," ती म्हणाली. "मी हे तपासलंय. प्रत्येक शब्द तपासलाय मी. मी 'द' घातलाय यात."

तिने वही मिटली, पुन्हा उघडली.

"ती क्लास सुटल्यावर टेबलापाशी येऊन उभी राहायची. दोनदा. नाही, तीनदा. मी म्हटलं, काय गं, शंका आहे? तर मान हलवली. मी म्हटलं, मग वहीत लिही." तिने वर पाहिलं. "सर, मी तिला म्हटलं, वहीत लिही."

"आज तारीख काय?" सरांनी विचारलं.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"सव्वीस."

"वाजले किती?"

"अकरा... अकरा वाजून दहा."

"आपल्याकडे अक्षता साडेबाराला पडतात."

वनमाला उठली, पुन्हा बसली. "मी काय... मी दहा दिले तिला. सर, मी चांदणी काढली..."

सरांनी हात पुढे केला आणि चाचपडत तिचा मोबाईल सतरंजीवरून उचलून तिच्या हातात दिला.

"दहा, नऊ, आठ," ते म्हणाले. "लाव."

तो मुलांच्या मदतीचा नंबर. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला. तिच्या क्लासच्या समोरच्या भिंतीवर. रोज दिसणारा.

पलीकडे एक तरुण बाई बोलत होती.

"नमस्कार. बोला."

"एका मुलीचं... एका मुलीचं लग्न लावतायत. आज. आत्ता."

"शांतपणे सांगा. तुम्ही कोण?"

"मी तिची बाई. क्लासची."

"मुलीचं वय?"

"चौदा. तिने स्वतः सांगितलंय."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

"आणि तिने कधी सांगितलं?"

वनमालाने वहीचं पहिलं पान उघडलं. आपल्याच सहीखालची तारीख पाहिली.

"पाच आठवडे झाले."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "बरं. गाव सांगा. वस्ती सांगा. वडिलांचं नाव सांगा. फोन चालू ठेवा, मी ग्रामसेवकांना आणि पोलिसांना कळवते. तुमचा नंबर त्यांना देते."

फोन ठेवला तेव्हा सर चपला शोधत होते.

"तुम्ही कुठे?"

"तुझी गाडी आहे ना?"

"सर, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. टाके नवे आहेत."

"चल."

"सर, डोळ्याला काही झालं म्हणजे..."

"वनमाला. चल म्हटलं ना."

स्कूटरवर सर मागे बसले, काळ्या चष्म्यावर उपरणं गुंडाळून. डांबरी रस्ता सात किलोमीटर, पुढे खडीचा. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली रानं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. वनमाला प्रत्येक पेंढीकडे बघत होती. बघायचं नाही असं ठरवूनही बघत होती.

"सर," ती वाऱ्यात ओरडली, "दुधाच्या वेळी मी आत धावले. वास आला म्हणून धावले."

सरांनी उपरणं घट्ट धरलं.

"हिच्या वहीला वास नव्हता!"

"पुढे बघून चालव," सर म्हणाले.

खडीच्या रस्त्याला लागल्यावर फोन वाजला. तिने गाडी कडेला घेतली. हिरवं बटण दोनदा चुकलं.

"मी ग्रामसेवक बोलतोय. तुम्हीच का त्या क्लासच्या बाई?"

"हो. पोहोचलात का? भाऊसाहेब, पोहोचलात का तुम्ही?"

"पोहोचलो. हळद झाली होती. नवरदेव पारावरनं निघाला होता. थांबवलंय सगळं. पोलीसपाटील आहेत, पोलिसांची गाडी पण आली. पोरीला ग्रामपंचायतीत आणून बसवलंय, अंगणवाडीच्या ताई आहेत सोबत."

वनमालाने गाडीच्या हँडलवर डोकं टेकलं.

"लग्न लागलं नाही?"

"नाही, नाही. वेळेत कळलं म्हणून."

वेळेत. हा शब्द ऐकून तिने डोळे मिटले.

"एक अडचण आहे बाई," ग्रामसेवक म्हणाले. "घरची माणसं म्हणतात, अठरा पुरी आहेत. शाळेचा दाखला मागवलाय, तो येईल. पण पोरगी काहीच बोलत नाही. वय विचारलं, गप्प. तुझ्या मनात काय आहे, गप्प. नाव विचारलं तरी गप्प. तोंडच उघडत नाही. तिचं ऐकल्याशिवाय तिला कुठं ठेवायचं, कुणाकडं द्यायचं, काही ठरवता येत नाही. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या मॅडम फोनवर वाट बघतायत. तुम्ही या लवकर. तुम्हाला ओळखते ती."

"हो," वनमाला म्हणाली. "मला ओळखते."

ग्रामपंचायतीसमोर माणसांचा घोळका होता. मांडवातून उठून आलेली माणसं, डोक्याला फेटे. वाजंत्रीवाले एका बाजूला वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते. वाजवायचं की जायचं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

काजलचे वडील पुढे आले. अंगात नवा कोरा सदरा, खिशाला अजून दुकानाची चिठ्ठी.

"आल्या का बाई? या, या. लई उपकार केलं. पोरीला इंग्रजी शिकवाय पाठवली, आणि तिनं आमचंच तोंड काळं केलं."

"तिने काही केलं नाही," वनमाला म्हणाली. "फोन मी केला."

"पर तुम्हाला सांगितलं कुणी? घरात आम्ही चौघं. पोरगी तर तोंडातनं चकार शब्द काढत नव्हती महिनाभर. मग कुणी सांगितलं?"

वनमालाच्या हातात वही होती. तपकिरी कव्हरवर नाव होतं.

पायरीवर काजलची आजी बसली होती. तिने वहीकडे बघितलं.

"ही वही?" म्हातारी म्हणाली. "ही तर तिची चित्राची वही. रोज बसायची की रंगीत रेघा वडत. लाल, हिरव्या, निळ्या. मी म्हनलं, नक्षी काढतीया पोरगी. लग्नातल्या रांगोळीची असंल." तिने वनमालाकडे तोंड वर करून विचारलं, "हाय काय त्यात, बाई? नक्षीच हाय न्हवं?"

वनमालाने कव्हरवरचं नाव अंगठ्याने झाकलं. म्हातारीसमोर ती तशीच उभी राहिली.

"सांगा की. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला बी नक्षीच दिसली असंल न्हवं?"

"हो आजी," वनमाला म्हणाली. "मलाही नक्षीच दिसली."

म्हातारी समाधानाने मान डोलवत राहिली. घोळक्यात कुणीतरी हसलं. मुलाणी सरांनी वनमालाच्या कोपराला धरलं आणि दोघं पायऱ्या चढून आत गेले.

बाहेरच्या खोलीत ग्रामसेवक कागद पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी सरांना पाहिलं, उभे राहिले, खुर्ची पुढे केली. सर बसले नाहीत. ग्रामसेवकांनी नुसतं आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

दार अर्धं उघडं होतं.

काजल बाकावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. हिरवं लुगडं, अंगाला बरंच मोठं. मानेला, कानामागे, कोपरापर्यंत हळद. मोठ्या होणाऱ्या बांगड्या ढिलेपणाने मनगटावरून खाली हातावर घसरल्या होत्या. अंगणवाडीच्या ताई शेजारी बसून पाण्याचा ग्लास पुढे करत होत्या. काजल ग्लासाकडेही बघत नव्हती.

वनमालाच्या सँडलचा आवाज झाला. क्लासमध्ये तो आवाज आला की एकशे दहा मुलं उठून उभी राहत.

काजलने तो ओळखला. तिची पाठ ताठ झाली. पण मान वळली नाही.

वनमाला दारातच थांबली. पाय पुढे जाईना. तिने वही छातीशी धरली, मग पाठीमागे लपवली, मग पुन्हा पुढे आणली.

"सर," ती कुजबुजली, "मी नाही जाऊ शकत आत."

सर तिच्या मागे उभे होते. चष्म्याखालून त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. धुळीचं असावं. त्यांनी ते पुसलं नाही.

"जा."

"मी काय बोलू? पोरी, मी वाचलं म्हणू? मला माफ कर म्हणू?"

"जा तू."

"तिने पाच आठवडे वाट बघितली सर. दर शनिवारी वही परत हातात पडली की उघडून बघत असणार, बाईंनी काय लिहिलंय. आणि मी लिहिलं होतं, 'द' राहिलं..." तिचा आवाज फुटला. तिने तोंडावर पदर धरला. बाकावरची पाठ तशीच ताठ होती. "तिने विचारलं तर? बाई, तुम्हाला कळलं कसं नाही, असं तिने मला विचारलं तर मी काय सांगू?"

सर त्या पाठमोऱ्या मुलीच्या दिशेने वळले. त्यांना ती नीट दिसत नव्हती.

"वनमाला," ते म्हणाले, "तिने तोंड उघडून विचारलं... तर तुझं नशीब थोर समज."